सध्या काय ऐकताय, हेही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचक सध्या कोणतं पुस्तक वाचताहेत ते छापून येतं. ते सदर मी न चुकता वाचतो, त्यातून कळलेली तीन-चार पुस्तकं विकतही घेतली आहेत. मागच्या पंधरवड्यात मात्र आपल्याकडे एका वाचकांचं पत्र आलं. उपवन तलावाच्या काठी रविवारी सकाळी काळे टी-शर्ट घातलेली, छातीवर कवट्यांची चित्रं असलेली मंडळी जमतात, हा कसला सैतानी प्रकार, असा त्यांचा सवाल होता. त्या मंडळींपैकी मी एक. वय ५३, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला आहे. त्यांचा राग मला समजतो, लांबून आम्ही तसेच दिसत असणार. म्हणून जवळून काय चालतं ते सांगतो.

आम्ही हेवी मेटल, म्हणजे जड गिटारींचं रॉक संगीत, ऐकणारे आठ-दहा जण तिथे भेटतो. स्पीकर कधीच लावत नाही. नियम एकच, आठवडाभरात एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मधलं काही न सोडता ऐकायचा आणि रविवारी चहा घेताना त्याबद्दल बोलायचं. ज्याला पटेल तो पुढच्या आठवड्यात तो ऐकतो.

गेल्या रविवारचंच घ्या. घणसोलीला राहणारी एक नर्स रात्रपाळी उरकून थेट आली होती. तिने स्वीडनच्या ओपेथचा २००१ सालचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ ऐकला होता. तोच गायक आधी पोटातून गुरगुरतो आणि थोड्या वेळाने अंगाई म्हणावी तसा गातो. वॉर्डातली रात्रही अशीच असते, म्हणाली. ऐरोलीचा कॉलेजातला मुलगा दिल्लीच्या ब्लडीवुडच्या ‘रक्षक’मधल्या ढोलाबद्दल बोलत सुटला होता. एक इलेक्ट्रिशियन आहे, मूळचा कुडाळचा. त्याने मुंबईच्या डेमॉनिक रिसरेक्शनचा २०१७ सालचा ‘दशावतार’ आणला. दहा गाणी, दहा अवतार, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. लहानपणी गावच्या जत्रेत दशावतारी नाटकात संकासुर आला की जी धडकी भरायची, ती इतक्या वर्षांनी पुन्हा भरली म्हणाला. सगळे थोडा वेळ गप्प बसलो होतो.

अल्बम अख्खा ऐकायचा हा आग्रह माझा आहे आणि त्याला कारण आहे. १९९० च्या सुमारास ठाणे स्टेशनजवळ एक कॅसेट भरून देणारे होते. त्यांच्याकडून मी नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचा ‘पॉवरस्लेव्ह’ भरून घेतला. अल्बम एक्कावन्न मिनिटांचा, कॅसेटची एक बाजू पंचेचाळीसची. शेवटचं गाणं साडेतेरा मिनिटांचं, इंग्रज कवी कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाच्या कवितेवरचं. गाण्याच्या मध्यावर वारा पडतो, जहाज समुद्रात जागच्या जागी थांबतं, नुसती लाकडं कुरकुरतात. त्याच सुमाराला माझी कॅसेट खट्कन थांबायची. दोन वर्षं मला वाटत होतं की गाणं तिथेच संपतं, ते जहाज तसंच तहानलेलं उभं राहतं. मग एका मित्राकडे पूर्ण अल्बम ऐकला. पाऊस येतो, जहाज हलतं, तो खलाशी घरी पोचतो! माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढे १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात आयर्न मेडनने तेच गाणं वाजवलं, तेव्हा त्या कुरकुरीच्या जागी मी श्वास रोखून उभा होतो. परतताना कुर्ल्याहून ठाण्यापर्यंत आमच्या डब्यात कुणाचाच आवाज फुटत नव्हता, इतके सगळ्यांचे घसे बसले होते.

आता ‘सैतानी’ या शब्दाबद्दल. हे संगीत सुरू झालं ते बर्मिंगहॅमच्या कामगारवस्तीत. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात होता. कामाच्या शेवटच्या दिवशी त्याला नेहमीच्या कामाऐवजी प्रेसवर उभं केलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर कातडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून गिटार खालच्या सुरात लावली. मेटलचा तो जड, खर्जातला आवाज पक्का झाला त्यात या दुखऱ्या बोटांचा वाटा आहे. प्रेस शॉपमध्ये बोट जाणं म्हणजे काय हे वागळे इस्टेटमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या सहकाऱ्याची तर्जनी अशीच गेली. त्याला मी आयोमीची गोष्ट सांगितली तेव्हा तो काही बोलला नाही. महिन्याभराने डबा खाताना म्हणाला, त्या माणसाचं काहीतरी ऐकव.

त्याला मी आयोमीच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम ऐकवला, १३ फेब्रुवारी १९७० चा. सुरुवातीला पाऊस, लांबून घंटा, आणि मग गिटारवर तीनच स्वर. माझी आई नौपाड्यात मुलांना पेटी शिकवायची. तिने एकदा हे तीन स्वर दारातूनच ऐकले आणि पेटीवर दाबून दाखवले. सा, वरचा सा, आणि तीव्र मध्यम. म्हणाली, “अरे, हा तर यमनातला म. फक्त ह्यांनी त्याला पंचमाला नेलं नाही, तसाच टांगून ठेवलाय. म्हणून भीती वाटते.” सा आणि तीव्र मध्यम या जोडीला युरोपात पूर्वी सैतानाचं नाव दिलं होतं, हे मला फार नंतर कळलं. आपल्याकडे गाणं शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला ती जोडी यमनातच येते, तीही दिवेलागणीच्या वेळी.

२२ जुलै २०२५ ला सॅबथचा गायक ऑझी ऑसबर्न गेला. बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर शेवटचं गाऊन त्याला सतराच दिवस झाले होते. त्या रविवारी आम्ही सगळ्यांनी हाच अल्बम ऐकून यायचं ठरवलं होतं. भर पावसात, छत्र्यांखाली बसून आम्ही त्यावर दीड तास बोललो.

माझी आपल्याला विनंती आहे, त्या सदरात महिन्यातून एकदा तरी वाचक सध्या काय ऐकताहेत ते विचारा. भजन असो, नाट्यगीत असो, गझल असो, आमचं मेटल असो. पुस्तकासारखाच अल्बमही कुणीतरी सांगितल्याशिवाय हाती लागत नाही, आणि सांगायला उत्सुक असलेली माणसं या शहरात भरपूर आहेत.

त्या पत्रलेखकांनाही माझं मनापासून आमंत्रण आहे. येत्या रविवारी सकाळी सव्वासातला उपवनच्या पायऱ्यांवर यावं. सॅबथचा पहिला अल्बम अडतीस मिनिटांचा आहे. इयरफोनची एक जादा जोडी मी घेऊन येतो.

आपला,
एक नियमित वाचक
वागळे इस्टेट, ठाणे