मागच्या बाकावर बसायला याल का, बाबा?

भांडुप, २२ जून

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला. फोनवर तुम्ही दर वेळी जपानचं विचारता आणि मी 'छान होतं' म्हणून मोकळी होते. मागे कुकरच्या शिट्ट्या, समोर वह्यांचा गठ्ठा. म्हणून आज लिहायलाच बसले.

आई, आधी तुझं. मेतकूट संपलं. तिथल्या चिकट भातावर ते असं काही लागायचं की ज्या आजींकडे मी उतरले होते, त्यांनी शेवटची पुडी मागून घेतली.

आपल्याकडे मे महिन्याची सुट्टी, पण त्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. त्यामुळे भरलेले वर्ग बघायला मिळाले. सुट्टी लागली ती फक्त २ जूनला. १८५९ साली त्या दिवशी योकोहामाचं बंदर खुलं झालं, म्हणून तिथल्या महापालिकेच्या शाळा बंद असतात. समुद्राकाठच्या यामाशिता बागेत फिरताना अचानक घुमटाची एक पाणपोई दिसली, थेट आपल्या वळणाची. १९२३ च्या भूकंपात गावाने केलेल्या मदतीची आठवण म्हणून तिथल्या भारतीयांनी ती बांधून दिलेली. मुंबई आणि योकोहामा १९६५ पासून भगिनी-शहरं आहेत हे मला जाताना माहीत होतं, पाणपोईचं नव्हतं.

मुलं स्वतः शाळा झाडतात, तेही पाहिलं. इथे सगळे त्याचंच विचारतात. पण आपल्याकडे झाडू कोणाच्या हातात दिला जायचा हे आठवलं की मला ते कौतुक सरळ करता येत नाही. त्यावर समोरासमोर बोलू.

बाबा, मला तुम्हाला सांगायचाय तो एक तास. पाचवीचा वर्ग, समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ. ४५ मिनिटं आणि गणित एकच. बाईंना पंचवीसेक वर्षांचा अनुभव. भिंतीला लागून वीस-बावीस शिक्षक हातात कागद घेऊन उभे, मुलांशी चकार शब्द बोलायचा नाही. एका मुलाने शेजारशेजारच्या दोन बाजूंचा गुणाकार केला, ५ गुणिले ६, उत्तर ३०. आपली मुलं हमखास करतात तीच चूक. मी असते तर 'कोण सांगेल बरोबर उत्तर?' म्हणून पुढे गेले असते. बाईंनी ते ३० फळ्यावर लिहिलं आणि शेवटपर्यंत पुसलं नाही. डस्टर हातात घेतलंच नाही त्यांनी. मग एका मुलीला स्ट्रॉची चौकट दिली. चौकट हळूहळू कलत गेली, बाजू तेवढ्याच, आतली जागा मात्र आक्रसत पार चपटी झाली. ३० वाल्या पोराच्या तोंडून जो आवाज निघाला, त्याला दुभाषा लागला नाही.

खरी गंमत नंतरच्या बैठकीत. नोकरीला दुसरंच वर्ष असलेला एक मुलगा उठला आणि म्हणाला, चौकट जरा लवकर बाहेर आली, तिसऱ्या रांगेतली मुलगी स्वतःहून तिथे पोचतच होती. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. एवढंच. ना कोणाचा चेहरा पडला, ना कोणी बाईंची बाजू घेतली. याला ते 'जुग्यो केन्क्यू' म्हणतात. बघायचा तो पाठ, शिकवणारा नाही.

मला तुमच्या शाळेतली तपासणी आठवली. आई पहाटेपासून साहेबांसाठी वडे-सागोतीच्या मागे. आणि तुम्ही चौथीच्या वर्गाला आदल्या दिवशी बजावलेलं: उत्तर येत असेल तर उजवा हात, येत नसेल तर डावा, पण वर सगळ्यांनी करायचा. शेरेबुकात शेरा उत्तम पडला. मी डावा हात वर केला होता, बाबा. मला भागाकार येत नव्हता, आणि तो पुढे दोन वर्षं आला नाही.

हे तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. मीही तेच करते. चौदा वर्षांत तपासणीखेरीज माझ्या वर्गात मागे कोणी बसलेलं नाही. व्हरांड्यातून कोणी गेलं तरी माझा आवाज बदलतो. परवा सहावीच्या बाईंना म्हटलं, 'माझ्या तासाला येऊन बसाल का?' त्यांनी दार लोटून हळूच विचारलं, 'का गं, कोणी तक्रार केली का?'

तेव्हा तुम्ही या. मुख्याध्यापकांना विचारलंय, ते हो म्हणालेत. मांडवी एक्सप्रेसने चिपळूणहून निघा आणि ठाण्याला उतरा, मी घ्यायला येते. पावसाळी वेळापत्रक लागलंय, वेळ आधी विचारून घ्या. वर्गात मध्ये बोलायचं नाही, हे तुम्हाला जड जाईल. खिडकीजवळ एक मुलगा बसतो, त्याने कधी काय लिहिलं आणि काय खोडलं तेवढंच टिपायचं. माझं अक्षर, माझा आवाज, साडी, काही नाही. मग घरी चहा घेताना तो कुठे अडला ते सांगा.

तुमची,
बाय

ता. क. आई, बाबांबरोबर मेतकुटाची पुडी जरा मोठी दे. आजींना पाठवायचीय.