जामीन न राहता मदत करणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचे नाव कोठेही छापायचे नाही, ही तुमची अट मी पाळते आहे. पत्र मात्र सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे, कारण तुम्ही मला जे समजावून सांगितलेत ते सांगली-मिरज परिसरात स्वतःच्या हिमतीवर व्यवसाय करणाऱ्या, पगाराची स्लिप नसलेल्या आणि आजवर बँकेच्या कर्जाच्या वाटेला न गेलेल्या अनेकांच्या उपयोगी पडेल, अशी माझी खात्री आहे. माझ्या नावावर पहिली चारचाकी आली. कर्ज बँकेने दिले, हप्ते मी फेडणार आहे; तरीही हे घडले ते तुमच्यामुळे, हे मला उघडपणे नोंदवायचे आहे.

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मिरजेच्या रुग्णालयांत गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेतलेले किंवा अर्धांगवायूच्या झटक्यातून वाचलेले रुग्ण आपापल्या गावी परततात आणि व्यायामाची खरी गरज त्यानंतर सुरू होते. त्या अवस्थेत त्यांना रोज सांगलीला आणणे घरच्यांना परवडत नाही. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ या बाजूच्या गावांत उपचाराचे यंत्र दुचाकीला बांधून पावसाळ्यात पोहोचणे कठीण होते, आणि एक दिवस चुकला तरी आखडलेला सांधा पुन्हा मागे जातो. गाडी मला या कामासाठी हवी होती.

पहिल्या बँकेत माझा अर्ज एका वाक्यात परत आला: ‘तुमचे सिबिल दिसत नाही.’ मला ते समजेना, कारण आमच्या घरात कोणाचे देणे बुडवल्याचे उदाहरण नाही. वडिलांनी गावच्या विकास सोसायटीचे पीककर्ज कधीही थकवले नाही. मी स्वतः उपचाराच्या यंत्रासाठी पतसंस्थेचे कर्ज काढून ते मुदतीआधी फेडले होते आणि त्याच संस्थेत माझी पिग्मीही नियमित चालू होती. एवढे असून बँकेच्या लेखी मी कोणीच नव्हते, आणि याचे मला फार वाईट वाटले होते.

त्या संध्याकाळी तुम्ही मला ज्या शांतपणे बसवून सांगितलेत, त्याबद्दलचे आभार सर्वांत आधी मानते. सिबिल ही लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी, आणि त्या नोंदीवरून ती देते तो गुण 300 ते 900 या पट्ट्यात असतो. परंतु ज्याच्या कर्जाची नोंदच नाही त्याला कमी गुण मिळत नाही, त्याला गुणच मिळत नाही, आणि अहवालात त्या जागी उणे एक किंवा ‘एनएच’ (‘नो हिस्टरी’, म्हणजे इतिहास नाही) असे दिसते. वाईट इतिहास आणि नसलेला इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुम्ही मला पुन्हा पुन्हा सांगितलेत. वडिलांची परतफेड कितीही चोख असली तरी ती त्यांच्या नावावर. ती वारशाने माझ्याकडे येत नाही. माझ्या पतसंस्थेच्या कर्जाचेही तसेच. बँका आणि वित्त कंपन्यांनी आपल्या कर्जदारांची माहिती सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना कळवणे बंधनकारक आहे. पण जी पतसंस्था या व्यवस्थेत सहभागी नाही, तिच्याकडे वर्षानुवर्षे हप्ते भरले तरी ते अहवालात उमटत नाहीत. आपल्या जिल्ह्यात सहकाराच्या आधारावर उभे राहिलेले किती लोक अशा रीतीने बँकेच्या संगणकाला अनोळखी राहत असतील, याचा विचार मी त्यानंतर अनेकदा केला आहे. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, आणि आपला अहवाल आपण पाहिल्याने गुण कमी होत नाहीत, हेही मला तुमच्याकडूनच कळले.

जामीन राहायला नातेवाईक तयार होते. त्यांच्या मनाचा मोठेपणा मी विसरणार नाही. तुम्ही स्वतःही तयार आहात असे मी गृहीत धरले होते, परंतु तुम्ही स्पष्ट शब्दांत सांगितलेत की जामीनदार म्हणजे नुसती सही नव्हे. कर्ज थकले तर वसुली त्याच्याकडून होऊ शकते आणि थकले नाही तरी ते कर्ज त्याच्या अहवालात दिसते, त्यामुळे उद्या त्यालाच घरासाठी कर्ज हवे असेल तेव्हा ते आडवे येऊ शकते. ‘दुसऱ्याच्या नावावर उभी राहू नकोस, तुझ्या व्यवहाराला कागदावर आणू,’ असे तुम्ही म्हणालात. आज मागे वळून पाहताना मला वाटते की तुम्ही बँकेतल्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून दिला असता तर काम कदाचित लवकर झाले असते, पण पुढच्या कर्जाच्या वेळी मी पुन्हा तेथेच अडखळले असते.

तुमच्या सल्ल्याने मी मुदत ठेव ठेवली आणि तिच्यावर क्रेडिट कार्ड घेतले. अशा कार्डाला ठेवीचे तारण असल्यामुळे बँक जुना इतिहास सहसा मागत नाही. मर्यादेच्या तीस टक्क्यांहून जास्त खर्च त्यावर करायचा नाही आणि बिल येईल तेव्हा ‘किमान देय’ न भरता पूर्ण रक्कम भरायची, हे दोन नियम तुम्ही घालून दिलेत आणि मी ते पाळले. या काळात कोठेही कर्जाचा नवा अर्ज करायचा नाही, कारण प्रत्येक अर्जागणिक बँकेने केलेली चौकशी अहवालात नोंदली जाते आणि थोड्या दिवसांत अनेक चौकश्या दिसल्या की देणारा सावध होतो, हेही तुम्ही बजावले होते. गुण तयार होण्यासाठी साधारण सहा महिन्यांचा व्यवहार लागतो. ते महिने मला फार लांब वाटले. रुग्णांना सांगते तेच धीराचे शब्द तुम्ही मला सांगत होता. गुण आला तो सातशेच्या वर होता.

मधल्या काळात एका एजंटाने ‘सिबिल न पाहता, फक्त सात टक्क्यांनी’ कर्ज देऊ केले, तेव्हा तुम्ही वहीच्या पानावर मांडलेला हिशेब मी जपून ठेवला आहे आणि तो येथे मुद्दाम देते. पाच लाखांचे कर्ज, मुदत पाच वर्षे. फ्लॅट सात टक्के म्हणजे पाचही वर्षे मूळ पाच लाखांवरच व्याज. वर्षाला पस्तीस हजार, एकूण 1,75,000 रुपये, आणि हप्ता 11,250 रुपये. वास्तविक प्रत्येक हप्त्याबरोबर मुद्दल कमी होत असते, पण फ्लॅट पद्धतीत फेडलेल्या रकमेवरही आपण व्याज देत राहतो. बँकेचा घटत्या शिलकीवरचा दहा टक्के दर ऐकायला जास्त वाटतो, तरी त्यात हप्ता सुमारे 10,624 रुपये बसतो आणि एकूण व्याज सुमारे 1,37,400 रुपये होते. म्हणजे सात टक्क्यांचे कर्ज दहा टक्क्यांच्या कर्जापेक्षा सदतीस हजारांहून अधिक महाग. घटत्या शिलकीच्या मापाने तो दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातो. हा हिशेब शोरूममध्ये कोणी आपणहून मांडत नाही. गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने ‘दर किती’ या प्रश्नाच्या आधी ‘कोणत्या पद्धतीने’ हा प्रश्न विचारावा, असे मला आता कळकळीने सांगावेसे वाटते.

दुसऱ्यांदा अर्ज करताना तुम्ही मला रिझर्व्ह बँकेच्या 6 जानेवारी 2025 च्या निर्देशांबद्दल सांगितलेत. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीचा कर्ज-इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे त्यात बँकांना सुचवले आहे आणि ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने लोकसभेतही ही बाब सांगितली. त्याचबरोबर हा कागद शाखेत आपटण्यासाठी नाही, असेही तुम्ही समजावलेत, कारण उत्पन्न आणि परतफेडीची ताकद तपासण्याचा बँकेचा अधिकार त्यामुळे जात नाही. म्हणून तुम्ही माझ्याकडून फाइल तयार करून घेतलीत: आयकर विवरणपत्रे, यूपीआयने आलेली फी दिसणारे खात्याचे उतारे, रुग्णांच्या भेटींची वही, पिग्मीचे पासबुक आणि पतसंस्थेचा कर्ज निरंक असल्याचा दाखला. जो दाखला सिबिलला दिसत नव्हता तो शाखेतल्या अधिकारी बाईंनी हातात घेऊन पूर्ण वाचला, तेव्हा मला मनापासून समाधान वाटले. त्यांचेही मी या पत्रातून आभार मानते.

थांबल्याचा आणखी एक लाभ झाला. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि मी पाहून ठेवलेली गाडी आवाक्यात आली. वाचलेले पैसे इतर ॲक्सेसरीजवर न घालवता मी सुरुवातीच्या भरण्यात घातले आणि कर्ज तेवढे कमी घेतले. हाही तुमचाच आग्रह होता.

सही करण्यापूर्वी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागून घे, हे तुम्ही सांगितले नसते तर मला ते ठाऊकही नव्हते. 1 ऑक्टोबर 2024 पासून वैयक्तिक कर्जदाराला हा कागद देणे बँकांना आवश्यक आहे. प्रक्रिया शुल्क व इतर खर्च धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, मुदतीपूर्वी कर्ज फेडले तर काय आकारले जाईल, हे त्यात एका ठिकाणी लिहिलेले असते. त्यात जोडलेला कर्जाचा जादा विमा ऐच्छिक आहे हे वाचून मी तो काढायला सांगितला आणि तो काढलाही गेला. गाडीचा सर्वसमावेशक विमा मात्र घेतलाच.

आता एमएच 10 ची पाटी लागलेल्या गाडीच्या आरसीवर बँकेच्या बोजाची नोंद आहे. कर्ज फिटल्यावर बँकेकडून ना-हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म 35 घेऊन आरटीओत तो बोजा उतरवायचा, नाहीतर गाडी विकताना अडचण येते, हे तुम्ही आत्ताच सांगून ठेवले आहे आणि मी ते कर्जाच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहिले आहे. हप्ता खात्यातून आपोआप जातो. त्याच्या आधीच पुरेशी शिल्लक ठेवण्याची सवय मी लावून घेतली आहे.

बँकेतली नोकरी संपून वर्षे झाली तरी तुम्ही माझ्यासारखीला इतका वेळ दिलात, एकही प्रश्न क्षुल्लक मानला नाहीत आणि मोबदल्याचा विषय काढू दिला नाहीत. माझ्याबरोबर शिकलेल्या दोन मैत्रिणी जत आणि विटा भागात असेच काम करतात. त्यांनाही गाडी घ्यायची आहे आणि त्यांच्याही अहवालात काहीच नाही. त्यांना मी माझी फाइल आणि तुमचे हिशेबाचे पान दाखवले आहे. तुमची परवानगी असेल तर पुढच्या रविवारी त्यांना घेऊन येते.

काकूंना नमस्कार सांगावा.

आपली कृतज्ञ,
तुमच्याच गल्लीतली फिजिओथेरपिस्ट
सांगली