वर्षभरात निकाल?

गिरगाव, मुंबई

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर विचारलंस, "बाबा, माझे शेअर आहेत त्या कंपनीवर भागधारकांनी फसवणुकीचा दावा लावलाय, वर्षभरात निकाल लागेल ना?" मी नुसतं 'बघू' म्हणालो, कारण शेजारी आई बसली होती. वर्ष विसर.

तुमच्या अमेरिकेत १९९५च्या कायद्याने, कंपनीने 'दावाच फेटाळा' असा अर्ज केला की त्याचा निकाल लागेपर्यंत सहसा कागदपत्रं मागता येत नाहीत. तोवर दाराबाहेर ताटकळायचं. मग सगळ्या भागधारकांना एक गट मानून एकत्र दावा चालवायचा की नाही, यावर भांडण. हॅलिबर्टन या तेलक्षेत्रातल्या कंपनीवरचा दावा २००२चा. या भांडणापायी तो २०११ आणि २०१४ला सुप्रीम कोर्टात जाऊन आला, तडजोड ठरली २०१६च्या अखेरीस. सगळेच एवढे रखडत नाहीत म्हणा. पुष्कळ दावे आधीच फेटाळले जातात किंवा मिटतात.

आणि आपल्याकडे? हर्षद मेहताच्या शेअर घोटाळ्यासाठी १९९२ला मुद्दाम कायदा करून मुंबईत स्पेशल कोर्ट बसवलं. तरी मारुती उद्योगच्या पैशांच्या खटल्यात मेहताला शिक्षा झाली १९९९ला. अपील चालू असतानाच २००१च्या ३१ डिसेंबरला तो गेला, आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल आला २००३ला.

त्याच गोंधळात माझे ५० शेअर 'टेन्टेड', म्हणजे डागाळलेले, निघाले. मी पैसे मोजून घेतलेले, पण आधी कधीतरी ते नोटिफाइड, म्हणजे घोटाळ्यापायी सरकारने मालमत्ता जप्त केलेल्या, माणसाच्या नावावर होते. झालं, नावावर करायला पाठवलेले शेअर ट्रान्सफर डीडसकट परत! मग अर्ज, प्रतिज्ञापत्र, आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न: दलालाचं बिल कुठाय? दलाल तर केव्हाच गाशा गुंडाळून गेलेला. शेवटी ते बिल आईच्या पैठणीच्या घडीत सापडलं, पिवळं पडलेलं, कोपऱ्यावर कपाचा गोल डाग. प्रकरण सुरू झालं तेव्हा तू बालवाडीत होतास, शेअर सुटले तेव्हा दहावीत.

म्हणून खरेदी-विक्रीच्या तारखांसकट ब्रोकरची सगळी स्टेटमेंट्स आजच उतरवून ठेव. तडजोड झाली तर क्लेम फॉर्म मुदतीत भरावा लागतो, आणि वकिलांची फी वजा जाऊन उरेल ते वाटलं जातं. त्या पैशांवर घराचा हप्ता धरू नकोस.

एक प्रत मला पाठव, इथे फाइलला लावतो. हसू नकोस, नवीन पंचिंग मशीन आणलंय.

तुझे बाबा