करंटच्या सुया घ्या, पण पेसमेकरचं आधी सांगा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गुडघेदुखी-कंबरदुखीवर करंटच्या सुया, शंभर टक्के गॅरंटी, अशा जाहिराती हल्ली रिक्षाच्या मागे पण दिसतात, त्याबद्दल लिहितोय. उपचार खोटा आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. माझ्या आईला इलेक्ट्रो-अ‍ॅक्युपंक्चरने, म्हणजे याच करंटच्या सुयांनी, खरंच आराम पडला, पेनकिलर बऱ्याच कमी झाल्या, तिच्या वयात किडनीसाठी हे केवढं मोठं आहे ते घरात म्हातारं माणूस असलेल्यांना कळेल.

गुडघ्याभोवती केसासारख्या बारीक सुया टोचतात, त्यांना छोट्या क्लिपा लावतात आणि मशीनचं बटण हळूहळू फिरवतात, मांडीचा स्नायू टकटक उडायला लागला की तिथेच थांबतात. आई म्हणायची दुखत नाही, कुणीतरी आतून टिचक्या मारतंय असं वाटतं. पेकिंग विद्यापीठाच्या हान जिशेंग यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय, सेकंदाला २ वेळा असा मंद करंट दिला की शरीरात एंडॉर्फिन, एन्केफेलिन सुटतात आणि १०० वेळा दिला की डायनॉर्फिन, म्हणजे शरीराची स्वतःचीच वेदनाशामकं. आपल्याकडे ही सुयांची विद्या आणली डॉ. विजयकुमार बसूंनी, ते १९३८ ला आमच्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर चीनला गेलेल्या डॉक्टरांच्या पथकातले, हे इथे फार कुणाला माहीत नसतं म्हणून सांगतो.

पण गॅरंटी कुठून आली? कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या ३६० जणांवर अमेरिकेत अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला, त्यात नेहमीच्या उपचारांपेक्षा दुखणं १० पैकी साधारण २ गुणांनी जास्त उतरलं. चांगलंच आहे, पण दुखणं गायब नाही झालं. आणि सांध्यांच्या झिजेसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका असं ब्रिटनच्या नाइस संस्थेने, म्हणजे कुठला उपचार द्यावा हे तिथल्या डॉक्टरांना सांगणाऱ्या संस्थेने, २०२२ मध्ये सांगितलंय. आईला गुण आला म्हणजे सगळ्यांना येईलच असं मी कुणालाच सांगत नाही.

खरा राग वेगळाच आहे. आमच्या शेजारच्या काकू एका सेंटरला गेल्या, मी सोबत होतो, सुया टोचून झाल्या, क्लिपा हातात घेतल्या तरी कुणी विचारलं नाही की छातीत पेसमेकर आहे का. आहे! मी ओरडलो म्हणून मशीन बंद राहिलं. पेसमेकरवाल्याला करंट देत नाहीत, गरोदर बाई, फिट येणारा पेशंट, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेला, सगळ्यांना आधी विचारायलाच लागतं, आणि सुया प्रत्येकाला नव्या, पाकीट समोर फोडून.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, कौन्सिल आहे. मग कौन्सिलने प्रत्येक सेंटरच्या पाटीवर नोंदणी क्रमांक आणि पहिल्या दिवशी पेशंटकडून हे प्रश्न लिहून घ्यायची सक्ती करावी. आणि संपादक साहेब, तुमच्याकडे अशी जाहिरात आली तर आधी नोंदणी क्रमांक मागा, नसेल तर छापू नका.

आपला,
एक वाचक, सोलापूर