जाळाचा रंग

कोल्हापूर,
जानेवारीचा शेवटचा आठवडा

प्रिय मेघा,

तुझं पत्र मिळालं. रोज फोन होत असूनही तू बसून इतकं लिहिलंस, तेव्हा मीही कागदावरच उत्तर देते. तू विचारलंस, "रंकाळा तलाव काढायचं का सोडलंस? चित्रं तर जात होती ना?" हो, जात होती. बंगल्याच्या हॉलसाठी, डॉक्टरांच्या वेटिंग रूमसाठी लोक मागून घ्यायचे. घरभाडं त्यावर निघायचं. आता ते शाळांच्या बोलक्या भिंती रंगवून काढते. बाराखडी, पाढे, हत्ती, कमळ. कामात कमीपणा मानत नाही मी. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत बसणार नाही.

कॉलेजात आपल्याला जे मिळालं ते मोठं होतं, हे आधी सांगते. या गावात जलरंग पाण्यासारखा मुरलेला आहे. चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ तलावाच्या काठी राहिले आणि तिथलंच पाणी, तिथलीच झाडं रंगवत राहिले. त्यांची मूळ चित्रं पाहिली की अजून माझा हात थरथरतो. पहाटे पंचगंगेच्या घाटावर बोर्ड मांडीवर घेऊन आपण बसायचो, सर मागून यायचे आणि एकच वाक्य म्हणायचे, "कागद राखा. पांढरा नंतर आणता येत नाही." जलरंगात उजेड रंगवायचा नसतो, तो कागदातच असतो, आपण फक्त त्याच्याभोवतीचं झाकत जायचं. हे मला तिथं कळलं आणि आयुष्यभर पुरेल.

पण त्या चित्रांतली माणसं आठवतात तुला? ब्रशचे दोन फटकारे. एक डोक्याचा, एक अंगाचा, खाली सावलीची रेघ. घाटाची उंची कळावी म्हणून माणूस, शेताची लांबी कळावी म्हणून बैलगाडी. माझ्या हातून अशी किती माणसं निघाली असतील! आणि एकदा पन्हाळ्याच्या पायथ्याचं लँडस्केप करताना मी उसाच्या फडाच्या कडेला गुऱ्हाळाचं धुराडं काढलं, निळसर धूर सोडला, आणि खाली नेहमीचे दोन फटकारे मारले. ते वाळत असताना लक्षात आलं, की त्या वेळेला त्या धुराड्याखाली माझे वडील, आप्पा, असतात.

आप्पा जळव्या आहेत, गुऱ्हाळाचा जाळ सांभाळणारे, हे तुला माहीत आहे. पण तू गुऱ्हाळावर आलीस ती काकवी प्यायला, आणि पाहुण्याला सगळे वरची बाजू दाखवतात. वर गुळव्या असतो, त्याचा मान मोठा. भेंडीचं पाणी घालून रसावरची मळी काढणारा तो, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का बघणारा तो, "उतरवा" म्हणणारा तो. काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, गूळ गार करायच्या वाफ्यात रिकामी होते तेव्हा सगळे तिकडे धावतात. जळव्या खालच्या अंगाला खड्ड्यात बसलेला असतो, चुलवाणाच्या, म्हणजे काहिलीखालच्या मोठ्या चुलीच्या, तोंडाशी. उजव्या हाताला रस काढलेल्या उसाच्या वाळलेल्या चिपाडांचा ढीग. एक कवळ उचलायची, तोंडात सारायची, लांब काठीनं आत ढकलायची. लगेच दुसरी. आधण चढताना जाळ दणकून लागतो, पाक यायला लागला की आवरता घ्यावा लागतो. वरून गुळव्या नुसतं "हां" म्हणतो आणि आप्पांना कळतं. काहिलीत काय चाललंय ते त्यांना दिसतही नाही. आवाजावरून आणि वासावरून ते जाळ कमीजास्त करतात. त्यांच्या उजव्या हाताची लव कायमची जळालेली आहे, आणि उजवा गाल डाव्यापेक्षा काळा.

हा उजवा गाल मला काढायचा होता. त्यासाठी मी रंकाळा सोडला.

2019 च्या अखेरीला आपण मुंबईला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सुधीर पटवर्धनांचं प्रदर्शन बघायला गेलो होतो. तू शेवटी पाय दुखले म्हणून पायरीवर बसलीस आणि मी परत पहिल्यापासून सगळं बघून आले. ठाण्यात कित्येक वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलेला माणूस, चित्रकलेच्या शाळेत न गेलेला, आणि लोकलमधली, चाळीतली, इराण्याच्या हॉटेलातली माणसं अशी अंगानं भरलेली काढतो, की त्यांचं वजन जाणवतं. त्यांतल्या कुणीही स्केलसाठी उभं नव्हतं. परतीच्या गाडीत मी काही बोलले नाही म्हणून तू रागावली होतीस. तेव्हा माझ्या डोक्यात आप्पांची पाठ होती. पण पाठ दिसणं आणि ती कागदावर येणं यांत फार मोठा पल्ला निघाला. मधल्या काळात मी अमूर्तही करून पाहिलं. गायतोंड्यांची चित्रं पुस्तकांत बघून रोलर आणला, थरावर थर दिले. त्यांच्या चित्रात उजेड आतून वर येतो. माझ्यात नुसता रंग वर यायचा. ती शांतता त्यांनी स्वतःची कमावली होती, माझ्या घरात ती नव्हतीच. आमच्या घरात हंगामभर माणसं रात्रपाळीहून येतात, आंघोळीच्या पाण्याला राख लागते आणि आई ओरडते.

मग म्हैसूरला गेले, तेव्हाचं तुला नीट सांगितलंच नव्हतं. जगनमोहन पॅलेसमध्ये सावळाराम हळदणकरांचं ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आहे, लोक राजा रविवर्म्यांचं समजतात ते. आपल्या सावंतवाडीचा माणूस, आणि चित्र जलरंगातलं! समोर उभी राहिले आणि मी दिव्याकडे बघितलंच नाही, बोटांकडे बघत राहिले. ज्योतीवर आडवा धरलेला हात, आणि बोटांतून उजेड आरपार आलाय, लालसर. उजेड खालून आला की चेहरा कसा बदलतो, भुवईची सावली वर कशी चढते, हनुवटी कशी उजळते, ते सगळं तिथं होतं. आपण सकाळच्या उन्हातली चित्रं शिकलो होतो, ऊन वरून येतं. आप्पांचा उजेड खालून येतो.

घरी आले ती थेट गुऱ्हाळावर. रात्री आप्पांच्या बाजूला पोतं टाकून बसायचे आणि जाळाच्याच उजेडात स्केचेस करायचे. कागदावरचा रंग वाळायची वाट बघावी लागत नव्हती, एका बाजूनं कागदच वळायला लागायचा.

काळा मात्र जमेना. ट्यूबमधला काळा त्या खड्ड्यात निळसर आणि परका वाटायचा. तेव्हा अजिंठ्याची आपली स्टडी टूर आठवली, तिथल्या चितार्‍यांचा काळा म्हणजे काजळी. गेरू, पिवळी माती, चुना आणि काजळी, बहुतेक हाताशी होतं त्यातूनच एवढं मोठं काम. मी धुराड्याच्या आतली काजळी खरवडून आणली. ती पाण्यात भिजतच नाही गं, वर तरंगते. आधी स्पिरिटचे थेंब घालून मळायची, मग बाभळीच्या डिंकाचं पाणी, किंचित मध, आणि काचेवर घोटत बसायचं. पहिल्यांदा फडक्यातून चाळूनही राखेची कच राहिली होती, काचेवर करकर वाजायची. नीट घोटलं की असा काळा मिळतो, जो पातळ केल्यावर तपकिरीकडे झुकतो. आप्पांच्या उजव्या गालाचा तोच रंग आहे. ज्या दिवशी तो कागदावर बसला त्या दिवशी मी रडले.

आप्पांना चित्र दाखवलं. त्यांनी ते हातात धरलं नाही, हात पुसले आणि लांबून बघितलं. स्वतःच्या चेहर्‍याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. म्हणाले, "जाळ असला तांबडा नसतोय. चिपाड वाळल्यालं असलं की जाळ प्वाटात पांढरा असतोय. तांबडा कडंला. वलं चिपाड घातलं की तांबडा हुतोय, धूर मारतोय. मी वलं घालीन व्हय?"

मेघा, त्यांना माझं चित्र म्हणजे त्यांच्या कामावरचा ठपका वाटला होता. दुसर्‍या रात्री मी फक्त जाळ बघितला. खरंच, पोटात पांढरा. मग नवा कागद घेतला आणि मधला भाग कोरा ठेवला. पाण्याचा हात फिरवून त्याच्या कडेला लिंबू पिवळा सोडला, बाहेर नारिंगी, त्याच्या बाहेर गेरू, आणि मग त्यांची काजळी. कोरा राखलेला कागद असा भडकला, की मीच मागं सरकले. सर घाटावर जे सांगत होते आणि आप्पा खड्ड्यात बसून जे सांगत होते, ते एकच होतं.

आता माझ्याकडे या मालिकेतली बरीच चित्रं झाली आहेत. आईचं एक आहे, साच्यात फडकं अंथरताना. एक नुसत्या काठीचं. एका गॅलरीवाल्यांना दाखवली, ते म्हणाले काळी चित्रं भिंतीवर जड होतात, तोच विषय सकाळचा काढा. मला राग आला नाही, पण सकाळचा काढणार नाही. 1895 साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली, 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, सगळीकडे नाव आहे. पण गुऱ्हाळं एकेक करून बंद होताहेत, जळवे मिळत नाहीत, कारण पोरं खड्ड्यात बसायला तयार नाहीत आणि त्यांनी का बसावं? आप्पाही म्हणतात, अजून एखाद-दोन हंगाम. मला त्यांच्या कष्टाचे गोडवे गायचे नाहीत. त्यांना जे येतं ते किती बारीक आहे, हे बघणार्‍याला दिसावं एवढंच हवंय. मला स्वतःचं काय म्हणायचं आहे हे मी इतकी वर्षं शोधत होते, ते हे आहे.

तू हंगाम संपायच्या आत ये. फेब्रुवारीत शनिवार-रविवार धरून आलीस तर दोन रात्री मिळतील. काकवी मिळेलच, पण या वेळी खाली बसायचं, सुती कपडे आण. आणि येताना पुण्याहून तीनशे जीएसएमचे, म्हणजे जाड, कॉटनचे मोठे कागद घेऊन ये, इथं परवडतील असे मिळत नाहीत. पैसे आल्यावर देते. चित्रं पाहून खरं काय वाटलं ते सांग, तू कधी खोटं कौतुक केलं नाहीस. तुझ्या आईंना नमस्कार सांग, त्यांच्या गुडघ्याचं कळव.

तुझीच,
सुमन