हेडफोनच्या ॲम्पचे वॅट नको, व्होल्ट विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात घरच्या घरी भक्तिगीतं ध्वनिमुद्रित करणारी, शॉर्ट फिल्मचं डबिंग करणारी मंडळी वाढली आहेत. त्यांच्या टेबलावर २५० किंवा ३०० ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणारा रोध) स्टुडिओ हेडफोन दिसतात : बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो (२५० ओहम) किंवा सेनहायझरचा एचडी ६०० (३०० ओहम). मोबाइलला लावले की आवाज पुरत नाही. मग राजारामपुरीत चक्कर मारायची आणि ज्याच्या खोक्यावर मिलिवॅट जास्त तो ॲम्प (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) उचलायचा. पैसे फुकट जातात ते इथेच.

खोक्यावरचा आकडा बहुधा १६ किंवा ३२ ओहमवरचा असतो. वॅटला ओहमने गुणून वर्गमूळ काढलं की व्होल्ट मिळतात. ‘१६ ओहमवर १०० मिलिवॅट’ (०.१ वॅट) म्हणजे जेमतेम १.२६ व्होल्ट, आणि तेवढ्या व्होल्टवर ३०० ओहमच्या हेडफोनला पोचतात पाचेक मिलिवॅट. काही ॲम्पचा करंट कमी ओहमवर आधी संपतो, तिथे जास्त ओहमवर व्होल्ट वाढलेलेही दिसतात. पण कंपनीने ३०० ओहमचा आकडाच छापला नसेल तर गणितातला आकडा धरावा.

लागतात किती? एचडी ६०० एका मिलिवॅटला सुमारे ९७ डेसिबल देतो. गाण्यातले क्षणिक चढ ११० डेसिबलपर्यंत स्वच्छ यायचे तर २० मिलिवॅट हवेत, म्हणजे अडीच व्होल्ट. करंट फक्त ८ मिलिअँपियर, तो कोणीही देतो. हल्लीच्या सिनेगीतांत सगळा आवाज दाबून एका पातळीवर आणलेला असतो, तिथे एक व्होल्टही चालून जातो. ख्यालाच्या मैफलीचं मुद्रण मात्र हळू पातळीवर असतं. अल्लादियाखाँसाहेबांच्या या गावात ते ऐकणारे कमी नाहीत, म्हणून सांगतो : १० डेसिबलची जादा जागा हवी तर व्होल्ट तिपटीहून थोडे जास्त लागतात. आत्ताच्या मोबाइलवर आवाज पाऊणपर्यंत नेऊन भागत असेल, तर ॲम्प घेऊच नये. ‘बेस वाढला’ असं वाटतं ते बहुतेक वेळा आवाज मोठा झाल्यामुळे.

तीनेक हजारांच्या आतबाहेर मिळणारे यूएसबी-सी डाँगल (फोनच्या चार्जिंगच्या भोकात लागणारे छोटे ॲम्प) बहुतेकांना पुरतात, साध्या ३.५ मिमी भोकातून दोन व्होल्ट देणारा पाहावा. ॲपलचा छोटा अडॅप्टर एक व्होल्ट देतो, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याच्या निम्म्याहूनही कमी. डाँगलच्या ४.४ मिमी बॅलन्स्ड (दोन्ही कानांची निगेटिव्ह वेगळी ठेवणाऱ्या) भोकातून साधारण दुप्पट व्होल्ट येतात, पण डीटी ७७० प्रोच्या पक्क्या वायरीत दोन्ही कानांची निगेटिव्ह एकच असते. तिथे साधा कन्व्हर्टर लावला तर दोन्ही निगेटिव्ह एकमेकींना चिकटतात आणि ॲम्प जळू शकतो. एचडी ६०० ची वायर निघते, त्याला वेगळी बॅलन्स्ड वायर घेता येते.

दुकानात खात्री करायची तर मल्टिमीटर न्या. डाँगलला दोन्हीकडे पिन असलेली ऑक्स वायर लावा, मोकळ्या पिनचं टोक आणि बुडाचा भाग यांमध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर धरा. टोन जनरेटर ॲपवर ५० हर्ट्झचा सूर पूर्ण आवाजात लावून एसी व्होल्ट मोजा. रेझिस्टर हवाच, काही डाँगल समोरचा भार ओळखून व्होल्ट बदलतात, मोकळ्या पिनवर खोटा आकडा दिसतो. हे करताना हेडफोन कानावर तर नकोच, जोडलेलाही नको.

सोल्डरिंग येत असेल तर एनई५५३२ ही स्वस्त आयसी घेऊन ॲम्प घरीच बनवा. एका ९ व्होल्टच्या बॅटरीवर तिच्यातून दोनेक व्होल्ट निघतात, बॅटरी उतरली की दीडच्या खाली. दोन बॅटऱ्या जोडून मधला बिंदू ग्राउंड केला तर पाचपर्यंत जातं. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, चार-पाचच ठेवा (३.९ के आणि १ के ओहमचे रेझिस्टर), दहा-अकरा ठेवला की खरखर वाढते आणि व्हॉल्यूम पहिल्या चिमटीतच संपतो. पॉट (व्हॉल्यूमचं बटण) १० के लॉग, दुहेरी. इनपुटला कपॅसिटर असताना १०० केचा पॉट घातला, तर आयसीचा बायस करंट (तिच्या इनपुटला लागणारा बारीक करंट) आउटपुटवर शंभर मिलिव्होल्टच्या आसपास डीसी आणू शकतो. स्विच दोन्ही बॅटऱ्या एकदम तोडणारा हवा. एकच बॅटरी चालू राहिली की डीसी सरळ हेडफोनच्या पडद्यावर जातो. म्हणून पिन घालण्याआधी दर वेळी आउटपुटचा डीसी मोजायचा, २० मिलिव्होल्टच्या वर असेल तर हेडफोन लावायचा नाही.

पीएएम८४०३ चं ‘३ वॅट’चं तयार बोर्ड मात्र टाळावं. ते स्पीकरसाठी आहे, त्याच्या आउटपुटला सामाईक ग्राउंडच नाही. तीन वायरींचा हेडफोन जोडला की दोन चॅनल एकमेकांवर शॉर्ट होतात. पाच व्होल्टचे बारा करणारी स्टेप-अप मॉड्यूलंही शांत आलापीत बारीक शिट्टी घालतात.

शहरातल्या दुकानदारांना एवढीच विनंती, की दराच्या चिठ्ठीवर मिलिवॅटशेजारी ‘किती ओहमवर’ हे लिहावं.

– एक वाचक, कोल्हापूर