किती जागा, हे कळते. कोणत्या विभागाला, हे कळत नाही

महोदय,

प्राध्यापक भरतीची बातमी आली की चर्चा एकाच आकड्याभोवती फिरते: जागा किती भरणार? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ एनआयआरएफच्या (केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी) विद्यापीठ गटात २०२४ मधल्या २३ व्या क्रमांकावरून २०२५ मध्ये ५६ व्या क्रमांकावर आले, तेव्हाही रिक्त पदांवरच बोट ठेवले गेले. ते योग्यच होते. पण मंजूर पदे एकदम भरायला मिळत नाहीत, मान्यता तुकड्यातुकड्यांनी येते. आलेल्या जागा आधी कोणत्या विभागाला द्यायच्या, हे कुठल्या मापाने ठरते ते बाहेर कधीच कळत नाही. एकतर तीळ सात जणांत वाटला जातो, नाहीतर ज्या विभागप्रमुखाचा आवाज मोठा त्याच्या ताटात पडतो.

एनआयआरएफचे सूत्र इथे उपयोगाचे नाही. त्यात १५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असेल तर पूर्ण गुण आणि ५० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांमागे एक असेल तर शून्य. हे प्रमाण अख्ख्या संस्थेचे मोजतात. शिक्षक भौतिकशास्त्रात नेमला काय किंवा पालीत नेमला काय, गुण तेवढेच. म्हणजे एकूण किती माणसे हवीत ते यातून कळेल, कुठे हवीत ते नाही.

ते कळायला कार्यभार, म्हणजे आठवड्याला शिकवायचे तास, मोजावा लागतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर वर्गाला सत्राला २२ क्रेडिट (श्रेयांक) आहेत. तासिकेच्या एका क्रेडिटला आठवड्याला एक तास लागतो, प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला दोन. समजा, एका विज्ञान विभागात वर्षाला ६० विद्यार्थी आहेत, १४ क्रेडिट तासिकांची आणि ८ प्रात्यक्षिकांची. प्रयोगशाळेत वीस-वीसच्या तीन तुकड्या केल्या तर तासिकांचे १४ अधिक प्रात्यक्षिकांचे १६ गुणिले ३ म्हणजे ४८, एकूण ६२ तास. दोन्ही वर्षे मिळून १२४. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आहेत, सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला १४. म्हणजे किमान आठ माणसे लागतील. निव्वळ तासिकांवर चालणाऱ्या भाषा विभागाचे ४४ तास होतात, तिथे तीन पुरतील. (प्रकल्प आणि कार्यप्रशिक्षणाचे तास वेगळ्या पद्धतीने धरावे लागतात; सोपेपणासाठी ते इथे वेगळे काढलेले नाहीत.)

गणित सोपे दिसते, पण पळवाटा इथेच आहेत. प्रात्यक्षिकाचा तास पूर्ण धरायचा की अर्धा? एका विभागाने पूर्ण आणि दुसऱ्याने अर्धा धरला की तक्ता तिथेच निकामी होतो. तुकडी वीसची की बाराची, हेही तसेच. ऐच्छिक विषय वाढवून कार्यभार फुगवता येतो: पाच विद्यार्थ्यांसाठी चार क्रेडिटचा एक पेपर उघडला की चार तास वाढले, असे चार पेपर उघडले की कागदावर एक पद तयार. म्हणून ऐच्छिक विषयाला किमान विद्यार्थिसंख्या ठरवावी. मंजूर प्रवेशक्षमतेऐवजी प्रत्यक्ष प्रवेशांची तीन वर्षांची सरासरी घ्यावी. संख्याशास्त्राचा शिक्षक अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि पर्यावरणशास्त्राच्या मुलांनाही शिकवत असेल, तर ते तास संख्याशास्त्राच्या खात्यावर दिसले पाहिजेत. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने नवी पदे मागण्याची चढाओढ आहे, पण तो विषय शिकवायला आधी संख्याशास्त्र आणि गणिताचीच माणसे लागतात.

सर्वांत मोठी चूक कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांबाबत होते. वर्ग भरतो, परीक्षा होते, म्हणून अहवालात त्या विभागाची अडचण दिसतच नाही. ज्या विभागाने अकरा महिन्यांच्या कंत्राटी माणसांवर कसाबसा संसार चालवला, तो प्राधान्यक्रमात मागे पडतो. ज्याने पेपरच बंद केला, त्याची ओरड ऐकू येते. हे तास ‘रिक्त पदावर भागवलेले’ असे वेगळ्या रकान्यात दाखवले, तरच खरा तुटवडा कळेल.

संशोधनाची बाजू तासांत येत नाही. पीएचडीसाठी एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा आणि सहायकाला चार विद्यार्थी घेता येतात. एक प्राध्यापक, दोन सहयोगी आणि चार सहायक असलेल्या विभागाची क्षमता ३६ होते. वरचे तिघे निवृत्त झाले की उरतात १६. शिवाय यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकाला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. म्हणजे निवृत्ती साठाव्या वर्षी असली तरी पद संशोधनापुरते सत्तावन्नाव्या वर्षीच रिकामे होते. प्राधान्याच्या तक्त्यात पुढल्या तीन वर्षांतले निवृत्त आजच यायला हवेत. मान्यता, बिंदुनामावलीची (कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, याची नोंद) तपासणी, जाहिरात, छाननी, मुलाखती यांत दीड-दोन वर्षे सहज जातात.

एक बारीक गोष्ट. कॅसखाली (सेवाकाळ व कामगिरीवर बढती देणारी योजना) बढती मिळून प्राध्यापक झालेल्याचे मूळ पद सहायकाचेच असते, तो निवृत्त झाला की पद मूळ स्तरावर येते. ‘आमचे प्राध्यापक गेले, प्राध्यापकाचेच पद द्या’ ही मागणी म्हणूनच टिकत नाही. मूळ मंजुरीचा कागद पाहिल्याशिवाय यादी करू नये.

केवळ तासांवर गेलो तर पाली, प्राकृत, मोडी यांसारखे विषय कायम तळाला राहतील. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दप्तर वाचायला मोडी जाणणारी माणसे लागतात. ती घडवणारे एकच पद असेल आणि तेच रिकामे झाले, तर त्याला रांगेत उभे करणे चूक आहे. अशा ‘शेवटच्या पदा’ला वेगळा नियम हवा: पद गेले की विषयच बंद पडत असेल तर ते आधी भरायचे. पण ‘आमचाही विषय दुर्मीळच’ असे प्रत्येक विभाग म्हणेल. म्हणून तो विषय भांडारकर संस्थेत, डेक्कन कॉलेजात किंवा पाषाणच्या संस्थांत शिकायला मिळतो का, हे पाहावे. शेजारच्या संस्थेतील तज्ज्ञ अतिथी म्हणून येईल, नियमित पदाची जागा घेणार नाही. उद्योग-व्यवसायातील अनुभवी माणसांसाठीच्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ पदांचेही तसेच: ती मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत, पण मंजूर पदांव्यतिरिक्त.

आरक्षणाचे गणितही विभागवाटपाशी जोडलेले आहे. २०२१ च्या राज्य कायद्यानुसार शिक्षकांचे आरक्षण विभागनिहाय नव्हे, संवर्गनिहाय (सर्व विभागांतली एका स्तराची पदे एकत्र) धरले जाते. त्यामुळे राखीव पद कोणत्या विषयात टाकायचे हा निर्णय प्रशासनाच्या हाती येतो. ज्या विषयात पात्र उमेदवारच थोडे आहेत तिथे ते टाकले आणि स्पेशलायझेशनही अरुंद ठेवले, की ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ हा शेरा आधीच लिहून ठेवल्यासारखा असतो. जाहिरातीत विषय व्यापक ठेवावा आणि दोन-तीन उपविषयांना फक्त प्राधान्य म्हणावे. कोणत्या पदव्या संलग्न मानायच्या हे अभ्यास मंडळाने जाहिरातीआधी लिहून द्यावे. छाननीच्या टेबलावर तो वाद सुरू झाला की प्रकरण न्यायालयात जाते.

चारही विद्याशाखांच्या अधिष्ठात्यांनी मिळून एकाच नमुन्यात तक्ता करावा: कार्यभार, भागवलेले तास, तीन वर्षांतील निवृत्त, पीएचडी क्षमता, शेवटचे पद. तो सर्व विभागांना पंधरा दिवस आक्षेपांसाठी खुला ठेवावा आणि मगच व्यवस्थापन परिषदेपुढे न्यावा. जी पदे त्या क्रमाबाहेर दिली जातील, त्यांच्यापुढे एका ओळीत कारण लिहावे आणि हा तक्ता जाहिरातीसोबत संकेतस्थळावर टाकावा.

एक निवृत्त विभागप्रमुख,
औंध, पुणे